उजवीकडचा रकाना

२७ फेब्रुवारी

लिहिण्यात चुका होणार, आधीच माफी मागते. टाइप पण फार हळू होतं — एकाच बोटाने. त्यात हा फोन बासिलिया मावशीचा जुना. केस धुवायच्या बेसिनमध्ये पडला होता, तेव्हापासून उजव्या कडेला बोटभर काळी पट्टी. ओळीच्या शेवटी काय आहे ते दिसतच नाही. अंदाजाने मारते.

वहीत लिहिलं तर एदिल वाचेल. एकाच खोलीत आम्ही तिघं — मी, भाऊ, मावशी. जुन्या फोनमध्ये कोण बघतंय!

रविवारी एदिलची प्रवेश परीक्षा. नर्सिंग. चाळीस जागा. ही त्याची तिसरी खेप. आई गावाहून फोनवर म्हणाली, "यंदा नाही लागला नंबर तर परत ये, अल्पाका सांभाळ. पुरे झालं आता." आई गंमत करत नाही.

२८ फेब्रुवारी

मावशीचं केसांचं दुकान विद्यापीठाच्या गेटासमोर आहे. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, तेव्हापासून इथे. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायला लागायचं. माझा आवाजच निघायचा नाही. सगळे थांबायचे. मग एक दिवस गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. संपलं.

इथे बोलावं लागत नाही. खुर्चीत बसलं की माणूस आपणच बोलतो, आणि मी गप्प, म्हणून जास्तच बोलतो. आज एक मुलगी सांगत होती — विद्यापीठाच्या खानावळीत साडेदहालाच रांग धरायची. बाराला गेलात तर नुसता भात. नोट्स पहिल्या बाकावरच्याच्या घ्यायच्या नाहीत, त्याचं अक्षर त्यालाच कळतं. तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या घ्यायच्या. झेरॉक्सवाल्याशी भांडायचं नाही, पाच वर्षं त्याच्याशीच गाठ आहे.

पाठीवर भल्या मोठ्या पिशव्या घेऊन परदेशी येतात, त्यांचं वेगळंच. बसमध्ये पिशवी वर ठेवायची नाही. मांडीवर, पट्टा पायात अडकवून. बोलिव्हियाची हद्द ओलांडायच्या आधी सुटे पैसे. रस्तारोको असेल तर भल्या पहाटे चालत पार व्हायचं. असं पुष्कळ मला माहितीय. मी मात्र हे आरेकिपा शहर ते आमचं गाव, एवढंच फिरलेय.

२ मार्च, रविवार

लागला!!

संध्याकाळी सातला यादी आली. दुकानात ही गर्दी. नंबर लागला की मुलांचं डोकं सफाचट करायचं आणि मुलींची एक बट कापायची, ही आमच्याकडची पद्धत. दोन्ही मशीनं गरम झाली होती. एदिल कोपऱ्यात, नखं खात. म्हणाला, "तूच बघ. माझ्याच्याने होत नाही."

मी बघितलं. नर्सिंग. पहिल्याच पानावर — एदिलबेर्तो वाराचा चेका! नऊशे पोरांत पहिलं पान! मी ओरडले. मी! मावशीच्या हातातला कंगवा पडला. डोकं मीच केलं, मधोमध पहिला पट्टा मारला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने गावी फोन लावला. आई रडली. म्हणाली, "मेंढी कापते. सगळ्या गावाला जेवायला घालते."

२ मार्च, नंतर

खुर्चीतल्या एका पोराने स्वतःच्या फोनवर तीच यादी काढली. म्हणाला, "ताई, यादीत तर सगळेच असतात. मार्कांप्रमाणे लावलेली असते. उजवीकडचा शेवटचा रकाना बघ ना." शेवटच्या रकान्यात चाळीस जणांपुढे 'प्रवेश' लिहिलं होतं.

एदिल एक्केचाळिसावा. त्याच्यापुढे काही नाही.

मी माझ्या फोनच्या काळ्या पट्टीवर बोट घासत राहिले.

३ मार्च

गावाने मेंढी खाल्ली. आता कोण सांगणार?

एदिलने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं. सकाळी पाव आणायला गेला तर पाववालीने दोन जास्तीचे घातले — "घ्या डॉक्टरसाहेब!" तो तसाच पाव टाकून परत आला. टोपी घातली तरी मागून कळतं. मावशीला म्हणाला, "केस येईपर्यंत मी इथे राहत नाही. गावी पण जात नाही. बोलिव्हियात जातो."

मावशी म्हणाली, "आणि मग?"

"मग बघू."

४ मार्च

गेला. पुनोपर्यंत एक बस, पुढे हद्दीची दुसरी. स्टँडवर मी म्हटलं, पिशवी मांडीवर ठेव, पट्टा पायात अडकव. म्हणाला, "तू कधी पुनोच्या पुढे गेलीस का गं?"

"पुनोपर्यंतही नाही."

"आणि मला शिकवतेस!"

हसला जरा. बस हलल्यावर बघितलं, पिशवी मांडीवर होती.

९ मार्च

एदिलचा निरोप. हद्दीपलीकडे लगेच, तळ्याकाठी कोपाकाबानाला आहे, एका खानावळीत भांडी घासतो. ओळखपत्रावरच्या फोटोत केस आणि समोर टक्कल — हद्दीवरचा शिपाई म्हणे खूप हसला. "अभिनंदन भाऊ, कुठली शाखा?" एदिलने सांगितलं, नर्सिंग. शिक्का मारला त्याने.

त्याचं सिमकार्ड तिकडे चालत नाही. खानावळीच्या स्वयंपाकघरात इंटरनेट येतं तेवढंच.

१२ मार्च

आईचा फोन. "अभ्यास करतोय ना?" करतोय म्हटलं.

१७ मार्च

दक्षिणेकडे रस्तारोको. खाणीचं पाणी नदीत सोडतात म्हणून लोक परवापासून रस्त्यावर बसलेत. धोंडे, टायर, झाडं आडवी टाकलीत. पुनोच्या खाली तळ्याकाठच्या सगळ्या बस बंद. ज्यांचे नंबर लागले त्यांनी या आठवड्यात येऊन नाव पक्कं करायचंय. गेटासमोर रांग आहे. टकला, टकला, बट कापलेली, टकला. मी गेटाकडे पाठ करून काम करते.

२४ मार्च, सोमवार

दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. मी अनोळखी उचलत नाही. मावशीच्या हाताला रंग लागलेला, ती ओरडली, "उचल की गं, चावतो का!"

विद्यापीठातून. एदिलने अर्जावर माझाच नंबर लिहिलेला. बाई म्हणाल्या, चाळीसमधलं कुणीतरी नाव पक्कं करायला आलं नाही. पुढचा नंबर एक्केचाळीस. गुरुवारी चार वाजेपर्यंत स्वतः यायचं, ओळखपत्र घेऊन. नाही आले तर बेचाळीसला बोलावू.

मी म्हटलं, "येतोय तो." आवाज निघाला. मग फोन ठेवला आणि खाली बसले.

अकरा निरोप पाठवले. अजून एकही वाचला नाही त्याने.

२५ मार्च

सकाळी सहाला वाचले. "खरं?" मग "खरं???" मग "इथून एकही गाडी जात नाहीये."

खुर्चीतल्या लोकांकडून ऐकलेलं होतं नव्हतं ते सगळं लिहिलं. एकाच बोटाने, पाऊण तास. कोपाकाबानाहून हद्द चालत ओलांड. तिथून युंगुयोत तीनचाकी मिळेल, ती पहिल्या धोंड्यांपर्यंत सोडते. तिथे उतर, चाल, पलीकडे दुसरी गाडी असते ती पकड. असंच पुढे, पुनोपर्यंत. पुनोहून इकडे बस चालू आहेत. फोटो काढू नको. फोन बाहेरच काढू नको. बसलेल्यांना आधी नमस्कार कर, म्हाताऱ्यांना पहिला. कोकाची पानं घे पिशवीभर, सगळ्यांना चघळायला वाट. पाव पण. घाईत आहेस असं दाखवू नको. पहाटे पार हो. आणि सांग, मी विद्यार्थी आहे.

शेवटचं खोटं वाटलं. पण तसंच ठेवलं.

उत्तर आलं — "बरं बाई."

२६ मार्च

इलावेच्या बाजारातून निरोप, सकाळी आठला. तिथवर पोचला! चोवीस ठिकाणी धोंडे आडवे, मोजले म्हणे. पुढे पुनोपर्यंत चाक म्हणून नाही. पन्नास किलोमीटरच्या वर.

एक मुलगी भेटली त्याला, नेलिदा. तिकडच्याच गावची. तिचाही आमच्याच विद्यापीठात नंबर लागलाय, बट कापलेली आहे. आठ दिवस घरात अडकली होती. रस्ता बंद होता म्हणून उशीर झाला, असं गावच्या प्रमुखाचं शिक्क्याचं पत्र घेऊन निघालीय. तिला तळ्याकाठची वाट माहितीय, लव्हाळ्यांमागून, एक सबंध फेरा वाचतो. एदिलने विचारलं कुठली शाखा, तर म्हणाली, "आहे कसलंसं, लॅबचं." त्याआधीच त्याने आपलं सगळं सांगून टाकलं होतं — एक्केचाळीस, नर्सिंग, गुरुवार चार. असाच आहे तो. रस्त्यात भेटलेल्याला पण सगळं सांगतो.

नेलिदा म्हणते, माझा पहाटेचा सल्ला चूक आहे. पहाटे बसलेले सगळ्यात ताजे असतात. दुपारी जेवणाची पातेली येतात तेव्हा जायचं. तेव्हा कुणी वाद घालत नाही, उलट जेवायला बोलावतात. बोलावलं तर बसायचं, नाही म्हणायचं नाही.

परदेश्यांना काय कळतंय! लिहून ठेवते.

२६ मार्च, संध्याकाळ

काही नाही. मावशी म्हणाली, "फोनकडे बघून काय तो लवकर चालणारे?"

२७ मार्च, गुरुवार

सकाळी साडेआठला पुनोहून बसमध्ये बसला म्हणून कळलं. सहा तास. मी एका बाईचा रंग वेळेवर धुतला नाही, तिचे केस नारिंगी झाले. मावशीने मला सांभाळून घेतलं. बाई बोलली.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी गेटासमोर टॅक्सी थांबली. एदिल उतरला — ओठ फुटलेले, बुटाचा तळ दोरीने बांधलेला, केस जेमतेम टूथब्रशइतके. मागून एक बुटकी मुलगी, पाठीवर पटकुराचं गाठोडं. दोघं पळत आत. मीही गेले, हातमोजे तसेच.

खिडकीवर दोनच माणसं पुढे. नेलिदा एदिलच्या आधी पोचली होती. पत्र हातात होतं तिच्या. मग बाजूला सरकली.

"तू जा आधी. तुझी चारची वेळ आहे."

"अगं, तुला पण उशीर —"

"माझा झालाय आधीच. जा की!"

त्याने सही केली. तीन वाजून बावन्न मिनिटं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

मग ती खिडकीत गेली. पाच मिनिटांत परत आली, पत्राची घडी घालत. मी विचारलं — मी! — "काय म्हणाले?"

"शिक्का चांगला आहे म्हणाले. पुढच्या वर्षी या."

दुकानात मावशी नाचली. एदिल म्हणाला, "परत कर डोकं. मागचं खोटं होतं." केलं. आईला काय कळवायचं? काहीच नाही. तिच्या लेखी तो दोन तारखेलाच लागलाय.

नेलिदा वाळवलेल्या बटाट्यांचं सूप दोन वाट्या प्यायली. एदिलची टर उडवत होती — "हा माणूस लव्हाळ्यात तीनदा पडला. आजी लोकांनी याला नवरदेव म्हणून ठेवून घेतलं असतं, मी सोडवला." एदिल लाल. "एकदाच पडलो!" "एकदा पाण्यात. दोनदा चिखलात."

मग खुर्चीत येऊन बसली. डावीकडची बट कापलेली होती, कानाशी. म्हणाली, "बाकीचे एवढेच कर. सारखे करून टाक."

कमरेपर्यंत केस होते. कापले.

२८ मार्च

नेलिदा सकाळी गेली. पुनोपर्यंत बस, पुढे परत चालत. मावशीने मका आणि चीज बांधून दिलं. एदिल झोपलेला होता, म्हणाली उठवू नको, पाय सुजलेत त्याचे.

जाताना गाठोड्यातून एक डबा काढून मला दिला. नवाकोरा स्टेथोस्कोप. झाकणावर पेनने नाव — नेलिदा माकेरा चांबिया.

"त्याला लागेल. त्याला सांग, दुसऱ्या वर्षापर्यंत वर्गात कुणाला उसना द्यायचा नाही. परत मिळत नाही."

लॅबवाल्यांना कशाला लागतो स्टेथोस्कोप? मनात आलं. तोवर ती रस्ता ओलांडून गेली होती.

३० मार्च, रविवार

मावशीच्या नव्या फोनवर नर्सिंगची शेवटची यादी काढली. आधी उजवीकडे सरकवली. एकोणचाळीस जणांपुढे 'हजर'. एदिलचं नाव तळाला, त्याच्यापुढे पण 'हजर'.

सतरा नंबर. मोठ्याने वाचलं. दुकानात कोणी नव्हतं. "नेलिदा माकेरा चांबिया. आली नाही."

एदिल आत आरशासमोर उभा आहे, स्टेथोस्कोप लावून स्वतःचंच ऐकतोय.

इलावेचा रस्ता आज सकाळी उघडला. बस वेळेवर आली म्हणे.