आईचा शब्द

मंगळवार, संध्याकाळ. छत्रपती संभाजीनगर

आज नळाला पाणी आलं आणि बाबांनी मान वर केली नाही. आमच्या गल्लीत! इथं पाणी आलं की माणूस भरल्या ताटावरून उठतो. मी ओरडले, "बाबा, पाणी आलंय!" ते कूलरची मोटर खोलून बसले होते. "व्हय," म्हणाले. हलले नाहीत.

आई अशा वेळी म्हणायची, "झाले गर्क!" गर्क म्हणजे पार बुडालेला. कीर्तनात माणूस तल्लीन होतो, लेकरं खेळात रमतात. बाबांसाठी मात्र तिच्याकडं हा एकच शब्द, आणि तोही रागाचा, कारण चहा गार व्हायचा.

ती गेल्यापासून लोक म्हणतात, विचारात गर्क असतात बिचारे. कसले गर्क? नुसते दाराकडं बघत बसायचे आणि चहा वेळेवर प्यायचे, गरम गरम. मला त्या गरम चहाचीच भीती वाटायला लागली होती.

पाणी एकटीनं भरलं. कंबर गेली. येऊन बघते तर बाबांचा चहा तसाच, वर साय धरलेली. पुन्हा गरम करायला घेतला, पण राग काही येईना. डोळेच भरून आले.

आई, ऐकतेस ना? झाले गर्क.