करगोट्याखालची खपली

प्रिय आते,

उद्या तुझ्या नातवाचं बारसं! तू गेलीस त्याला आठ महिने झाले आणि मंदाताईला मुलगा झाला. आवाज तुझाच, वाडीभर ऐकू येतो! पण ताई म्हणते, "करगोटो बांधूचो नाय. आवशीन माका शपथ घातल्यान हा." आईची, म्हणजे तुझीच शपथ ती, म्हणून लिहायला बसलो.

आठवतं, सड्याच्या माळावरचं करड, ते वाळलं गवत, कापून आलो आणि मला ताप भरला? दहा दिवस उतरेना. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलंत. डॉक्टर म्हणाले, "जंतूवर धावलेले शरीराचे शिपाईच बेभान झालेत, ह्याचंच रक्त खातायत. असं क्वचित होतं. जंतू कुठला ते आधी कळायला हवं."

आणि तू काय म्हणालीस! "म्हणजे आमच्या मासळीबाजारासारख्याच! मांजर पळाला तरी बायलो एकमेकींच्या झिंज्यो सोडणत नाय!" अख्खा वॉर्ड हसला. मरायला टेकलेला मीसुद्धा!

डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "अंगावर कुठं काळी खपली?" बाजूला नर्स उभी. मी म्हटलं, "नाही."

मग अंग पुसताना तूच माझ्या कमरेचा काळा करगोटा सरकवलास. "मेल्या, ह्या काय? विडीचो चटको? ओ डॉक्टर, हय येवा! गावली, गावली!" करडातला बारीक किडा तिथं चावलेला. त्यावरून औषध ठरलं, शिपायांना आवरायचंही दिलं. चार दिवसांनी मी पेज मागितली, तर तू नाचलीसच!

पण तो करगोटा तू कापून टाकलास. "मियांच बांधलेल्या दोऱ्यान खपली लपवल्यान. पोर गेला आसता!"

पुढं शाळा सुटली, तुझ्याशेजारी मासे कापायला बसलो, गिऱ्हाइकाकडे पाठ करून. "गिराईक काय तुझ्या पाठीशी बोलतला?" किती ओरडायचीस! सगळं विचारायचीस, मग हे एकदाही का नाही विचारलंस गो?

आते, दोऱ्यानं नाही, मीच लपवली. खपली मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. नर्ससमोर सदरा वर करायची लाज वाटली, एवढंच! तीन वर्षं तू दोष घेतलास आणि मी गप्प.

उद्या पाळण्यापाशी सगळ्यांना हे सांगणार. हसतील, हसूदेत. मग करगोटा मीच बांधणार, आणि रोज न्हाऊ घालताना तो सरकवून खाली बघायचं कामही माझंच. कितीही रडला तरी!

तुझोच,
बाबलो