फाटकवाल्याची झडती

बाबा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज एका पोरीच्या प्रोजेक्टने मला तुमच्यासमोर आणून बसवलं. मी यवतमाळच्या कॉलेजात कॉमर्स शिकवते, हे तुम्ही बघितलंच नाही. कंपनीत एकाचं काम दुसऱ्यानं कसं तपासायचं, चूक किंवा चोरी आतल्या आत कशी अडवायची, हा माझा विषय. या वर्षी मुलांना सांगितलं, एखाद्या कारखान्याची नियमावली घ्या आणि तिची भाषा तपासा. नियम ढिला व्हायच्या आधी शब्द ढिला होतो, असंही मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. बहुतेकांनी एकमेकांचं बघून माशीला माशी मारली. घाटंजीच्या एका मुलीने मात्र तिकडच्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, नियमावली आणली. ‘शक्यतो’, ‘गरजेनुसार’ अशा शब्दांखाली तिने रेघा मारल्या होत्या, ते ठीकच. पण शेवटी लिहिलं होतं, की फाटकावर काडेपेटीसाठी सगळ्यांची झडती होते, झडती घेणाऱ्याची कोणी घ्यायची याबद्दल एक अक्षर नाही. हे कसं सुचलं, असं मी विचारलं. ती सहज म्हणाली, “मॅडम, थो फाटकवाला बी तं घरून बिडी ओढूनच येते.”

मी वर्ग लवकर सोडला.

तुम्हीही असेच जिनिंगच्या फाटकावर होतात. आत कापसाच्या गंज्या, एक काडी पुरे. मालकाचाही खिसा चाचपल्याशिवाय तुम्ही त्याला आत सोडत नसा, म्हणून लोक तुम्हाला खडूस म्हणायचे. आणि मला आठवते ती सकाळ. आई भाकरी थापतेय, चुलीपाशी तुमची बिडी नुकतीच विझलीय. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात वर करून उभे. “घे वं झडती,” म्हणता. मी खिशात हात घालते, लिंबाची गोळी निघते, ती माझी. रोजचा खेळ. कोणी तुम्हाला कडक म्हटलं की मी मनात हसायची, कारण ती गोळी फक्त मला ठाऊक होती. एकदा आई करवादली, पोरीला शाळेला उशीर होतो, खिसे मीच बघते. तुम्ही हसला नाहीत. “तू मले सोडून देशीन. पोरगी नाही सोडत.”

आजपर्यंत हे मला लाडाचं बोलणं वाटत होतं. बाबा, तो खेळ नव्हता का? तुम्हाला स्वतःचीच धास्ती होती? काडेपेटी एकदाच सापडली. त्या दिवशी तुम्ही गोळी ठेवायला विसरला होतात, मी रुसून सगळे खिसे उलटे केले आणि पायजम्याच्या खिशातून ती खाली पडली. तुम्ही पांढरेफटक पडलात, उंबरठ्यावर बसलात, बराच वेळ उठला नाहीत. मी जिंकले म्हणून टाळ्या पिटत होते.

तुम्ही होतात तोवर जिनिंगला कधी आग लागली नाही, हे लोक अजून सांगतात. मीही अभिमानाने सांगत आले. त्या पोरीला पैकीच्या पैकी मार्क देणार आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तरी पुढचं लिहायला पेन रेटवत नाही. तुम्ही माझ्यावर भरवसा टाकलात, बाबा. गोळी नेहमी सदऱ्याच्या वरच्या खिशात असायची. ती हाताला लागली की मी थांबायचे. बाकीचे खिसे मी कधी बघितलेच नाहीत.