जीप दौंडला गेली

धनश्री सिस्टर, तुमाला मुबारकबीची लई लई दुवा.

मी पनजी झाले! नात कैनातला पोरगी झाली. मोबाईलवर फोटो आलाय, अशी रुसलीय, जसं काय आमीच तिला झोपेतून उठवलं.

सोमवारी तुमी फोनवर म्हनला, "आजी, मोठा पाऊस सांगितलाय. मंगळवारची वाट बघू नका, आजच डायलिसिसला नगरला या." मी म्हनले, जीपच आली न्हाई. खोटं बोलले. जीप दारात हुती, पन तेवढ्यात कैनातच्या कळा सुरू झाल्या. तिला उलट्या बाजूला, दौंडला न्यायचं. मीच तिला जीपमधी बसवलं. जीप गेली आन् वस्तीचा ओढा रस्त्यावर आला. आज गुरुवार हाय, आजून उतरला न्हाई.

तुमी शिकवलं तसं पानी कपानं मोजून पीत हुते. पन बातमी कळली आन् वस्तीवरच्या बाया आल्या. "पनजी झालीस आन् चहाला न्हाई म्हनतीस व्हय गं?" मग प्रत्येकीसंगं अर्धा कप घेतला.

काल तुमी वजन इचारलं, मी जुनंच सांगितलं. खरं चार किलो वाढलंय, समदं अंगात साठलेलं पानी. आडवं झालं की दम लागतो, म्हनून बसून लिहितेय. खरं कळलं तर तुमी तहसीलीतून बोट मागवाल, आन् गावभर म्हातारीचा तमाशा.

पन पोरीला आजून मांडीवर घेतलं न्हाई ओ.

ह्या पुरात पत्र कोन नेनार? फोनच लावते. बोट पाठवा.

तुमची खोटारडी,
मुबारकबी