मधल्या रांगेतली चौथी जागा

प्रिय भिंगरी,

वर जो 'प्रिय' लिहिला आहे, त्याला तीन दिवस लागले. कागद समोर घेऊन बसायचे, रागाने उठायचे, पुन्हा बसायचे. आता लिहिलाच आहे, तर तो खरा आहे असं समज आणि पुढचं वाच. पुढचं गोड नाही.

तुला बाहेर सगळे मॅडम म्हणतात, मला ठाऊक आहे. तुझ्या संगीतशाळेच्या दारावर तुझं नाव केवढ्या अक्षरांत आहे तेही मी पाहिलं आहे. पण आठव्या वर्षी तुला दोन मिनिटं एका जागी उभं राहता येत नव्हतं, सारखी स्वतःभोवती फिरायचीस, म्हणून आमच्या बालवृंदाने तुझं नाव भिंगरी ठेवलं. हे पत्र तिला आहे. मॅडमशी मला बोलायचं नाही. बोलले तर तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

आधी बातमी सांगते. मुंगी गात नाही. मुंगी म्हणजे कोण हे तुला आठवणार नाही, म्हणून सांगते: साडेसात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, बाह्या हातभर लांब असलेला निळा स्वेटर घातलेली. आमच्या तिसाव्या वर्षाच्या कार्यक्रमाला तू पाहुणी म्हणून आलीस, तेव्हा तू जिला टाळी वाजवायला लावलीस, ती. परवाच्या शनिवारी ती तालमीला आली. मला वाटलं होतं येणारच नाही. आली, स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी पियानोवर सूर दिला, बाकीची गायला लागली, आणि हिने तोंड मिटून टाळी वाजवायला सुरुवात केली. हळू, अगदी तालात. मध्येच माझ्याकडे बघायची, बरोबर वाजवतेय ना म्हणून. अगं, ती रुसली असती तर मी समजूत काढली असती. रडली असती तर जवळ घेतलं असतं. पण तिला वाटतंय, तेच तिचं काम आहे. मोठ्या बाईंनी दिलेलं.

त्या दिवशी काय झालं ते तुझ्या लक्षातही नसेल, म्हणून मी जसंच्या तसं लिहिते. वाचनालयाच्या वरचा आपला तोच हॉल. खालचे ग्रंथपाल अजून तेच, आवाज वाढला की केरसुणीच्या दांड्याने खालून छत ठोकतात. त्या दिवशी मात्र पाहुण्या आल्या म्हणून त्यांनीही दांडा ठेवून दिला होता आणि वर येऊन बसले होते. पोरं पहिलं गाणं गात असताना तू खुर्चीवरून उठलीस. कुणी सांगितलं नव्हतं. एकेका रांगेपुढून वाकून, प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेत चालत गेलीस, कलिंगड वाजवून बघत जावं तशी. मधल्या रांगेत चौथ्या जागेपाशी थांबलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "अगं बाई, माझ्या जागेवर हे कोण?" पालक हसले. मग तू वाकलीस, मुंगीचा आवाज ऐकलास, आणि केवढी गोड हसलीस! "तू टाळी छान वाजवत असशील, हो ना? मग तू टाळी वाजव, राणी. गाणं या ताईला गाऊ दे." असं म्हणून शेजारच्या पाचव्या जागेवरच्या दोन वेण्यांच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवलास. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरी तुझ्या शाळेतून फोन गेला. ती आता शनिवारी तुझ्याकडे येते. आमची पाचवी जागा रिकामी आहे.

आणि मग तुझं भाषण. ते मला पाठ झालंय, कारण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. "सूर असतो किंवा नसतो. तो शिकवून येत नाही. मी इथे आले तेव्हा बाईंनी महिन्याभरात मला मधल्या रांगेत मधोमध उभं केलं, कारण बाकीची मुलं माझ्यावरून सूर धरायची." टाळ्यांचा कडकडाट. जाताना दारात चपलांपाशी तू सँडलचा पट्टा लावायला वाकलीस आणि शेजारी उभ्या असलेल्या एका उंच बाईच्या हातात पर्स दिलीस. "जरा धरता का?" तिने धरली. तू तिच्याकडे न बघता थँक्यू म्हणालीस आणि गेलीस. ती बाई लक्षात ठेव. तिच्याकडे मी येणार आहे.

तुझा समज असा झालेला दिसतो की आम्ही तिथे आवाज गोळा करतो. चांगले पुढे, बरे मागे, वाईट घरी. तीस वर्षांत मी एकाही पोराला घरी पाठवलेलं नाही. आमच्याकडे एक मुलगा अडखळत बोलायचा, स्वतःचं नाव सांगायला घाम फुटायचा. गाताना मात्र अडखळत नसे. दोन वर्षं नुसता गायला, आणि तिसऱ्या वर्षी कार्यक्रमात गाण्यांची नावं त्याने जाहीर केली. आज तो विमा विकतो, लोक त्याला गप्प कसं करायचं ते मला विचारतात. एकाचा आवाज फुटला, घोगरा झाला, तो लाजून बसला, तर त्याच्यासाठी मी खालचा एकच सूर लिहून दिला, आणि त्या सुरावर अख्खं गाणं उभं राहिलं. आणि लांब सूर धरताना सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, हे तर तूही शिकलीस ना? शेजारची गात असेल तेव्हा तू श्वास घे, तू गात असशील तेव्हा ती घेईल. सूर तुटत नाही, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की मध्ये कोण थांबलं होतं. पोरांना मी दुसरं फारसं काही शिकवलेलं नाही. तू एवढंही विसरलीस म्हणून मला जास्त संताप येतो.

आता जागांविषयी. आपल्या हॉलच्या फरशीवर रंगाचे ठिपके आहेत, आधी खडूचे होते. कुणी कुठे उभं राहायचं ते मी ठरवते आणि का ते कुणाला सांगत नाही. पोरांना वाटतं उंचीवरून. मधल्या रांगेतली चौथी जागा मी तीस वर्षं एकाच प्रकारच्या मुलासाठी ठेवली आहे. ज्याला सूर सापडत नाही त्याच्यासाठी. भिंगरी, पुन्हा वाच. ज्याला सूर सापडत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना मी पक्क्या गळ्याची दोन मुलं लावते, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर. त्या दोघांना जिन्यात बाजूला घेऊन सांगते की मधल्याच्या कानाशी गायचं, ओरडायचं नाही, आणि हे त्याला कधी, कधीही सांगायचं नाही. तीस वर्षांत त्या जागेवर अकरा मुलं उभी राहिली. मुंगी अकरावी. तू दुसरी.

पहिले दोन महिने तू एकाच सुरात घुं करायचीस, मिक्सर लावल्यासारखी. गाणं वर जावो की खाली, तुझं आपलं चालू. सगळ्यात मोठ्याने तूच, आणि आनंदाने! तेव्हा पुढच्या रांगेत पहिल्या जागेवर एक दहा वर्षांची मुलगी होती. उंच, बारीक, आणि सुराला अशी पक्की की आम्ही तिला खांब म्हणायचो. त्या वर्षी एकटीने गायच्या ओळी तिच्याच होत्या. मी तिला जिन्यात बोलावलं आणि म्हटलं, पुढची जागा सोड, मधल्या रांगेत पाचवीवर जा, भिंगरीच्या उजव्या कानाशी गा. एकटीच्या ओळीही सोडाव्या लागल्या, मधल्या रांगेतून त्या ऐकू जात नाहीत. तिने एवढंच विचारलं, "किती दिवस, बाई?" मी म्हटलं, बघू. ते 'बघू' दोन वर्षं चाललं. तिसऱ्या जागेवरची मुलं कंटाळून बदलत गेली, ही हलली नाही. तू तिचे पाय तुडवायचीस, तिच्या वेण्या ओढायचीस, ती तुझ्याकडे कान कलवून गात राहायची. आणि एका तालमीत, लांब सुरावर, मी बघितलं की खांब गप्प आहे. तोंड उघडं, आवाज नाही. तिसऱ्या जागेवरची त्या दिवशी आजारी होती. म्हणजे तू एकटी होतीस. सूर हलला नाही. खांबने माझ्याकडे बघितलं, मी पियानोकडे बघितलं. सुटल्यावर ती जिन्यात आली आणि कुजबुजली, "बाई, मी मुद्दाम थांबले होते. ती पडली नाही."

ती पडली नाही, भिंगरी. त्याच दिवशी मी तुला सांगायला हवं होतं, निदान तू बारावीला गेल्यावर, निदान पहिलं पारितोषिक मिळालं तेव्हा. सांगितलं नाही. नियम म्हणून नाही, हे आज कबूल करते. तुझं नाव वाढत गेलं तसं मला ते आवडायला लागलं. वर्तमानपत्रातला तुझा फोटो मी पियानोशेजारी चिकटवला, नव्या पालकांना बोटाने दाखवला. त्यात ही गोष्ट बसत नव्हती. आणि त्या दिवशी तू मुंगीला गप्प केलंस तेव्हा मी पियानोसमोरच होते. झाकण आपटून उठायला हवं होतं. उठले नाही. पाहुणी आहे, म्हटलं. पालक आहेत, म्हटलं. तुझ्या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. मुंगी आणि मी, दोघीही टाळ्या वाजवत होतो. तुझ्यावरचा निम्मा राग कुणावरचा आहे ते तुला आता कळलं असेल, पण म्हणून तुझ्या वाट्याचा कमी होत नाही.

पर्स धरणारी ती उंच बाई खांब होती. मुंगीची आई. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि दर शनिवारी लवकर सुटून पोरीला आणते. आपल्या मुलीला टाळी वाजवायला लावलेलं तिने मागच्या भिंतीशी उभं राहून पाहिलं, आणि नंतर तुझी पर्स धरली. मी दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात गेले, म्हटलं, मी भिंगरीला सगळं सांगणार. ती म्हणाली, "नको बाई. तिचं सगळं त्यावर उभं आहे. सांगितलं तर तिचा सूर डळमळेल." अठ्ठावीस वर्षं झाली, आणि ही बया अजून तुझ्या उजव्या कानाशी उभी आहे! मला तिचाही राग आला. शब्द दिला नाही, तशीच उठून आले.

म्हणून हे पत्र. माफी मागायला बोलावत नाही, मुंगीला माफी कळणार नाही, तिला अजून अपमानच कळलेला नाही. तिला आई सांगते गा, ती म्हणते मोठ्या बाईंनी टाळी सांगितली आहे. मी सांगते गा, तेच उत्तर. तू सांगितलेलं तुलाच मोडावं लागेल, आणि सांगून नाही. शनिवारी चार वाजता ये. फोटोवाला, गाडीतून उतरताना कुणी पुढे धावणारा, असं काही नको. सँडल दाराशी काढ आणि मधल्या रांगेत पाचव्या ठिपक्यावर उभी राहा. तू नेलेल्या मुलीची ती जागा आहे, आणि त्याआधी खांबची होती. मुंगी तुझ्या कमरेपर्यंतच येते, तेव्हा वाकावं लागेल. पाठ दुखेल, दुखू दे. तिच्या उजव्या कानाशी गा. हळू गा. ती घुं करेल, करू दे, तूही केलं आहेस. किती दिवस, असं विचारशील, तर उत्तर तेच आहे जे मी खांबला दिलं होतं. आणि जाताना मागच्या भिंतीशी जी उभी असेल, तिचा डबा, पिशवी, जे काही तिच्या हातात असेल ते जरा धर.

अजूनही तुझीच,
बाई