रविवारचं पातेलं

३ जून, सोमवार
आजपासून आपलं घर शाकाहारी. बायकोच्या भाषेत 'बहुतांशी'. अंडी चालतील, मटण-मासे महिन्यातून एकदा. डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट बघून सुचवलं. दोन्ही पोरींनी लगेच माना डोलावल्या. मला अर्धवट कामं आवडत नाहीत. मीच जाहीर केलं, रविवारचं माझं मटण पूर्ण बंद.

हा अर्थात डाव आहे. लग्नापासून दर रविवारी मटण मीच करतो. एरवी ओट्याकडे फिरकत नाही, पण त्या एका पातेल्यावर हे घर टिकून आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडली की लोक ऐटीत जिने चढतात, तब्येतीला बरं म्हणतात. मग फोन येतोच. नव्याचे नऊ दिवस. विनवण्या सुरू झाल्या की मी आधी नाही म्हणणार.

६ जून
डब्यात दुधी. काल घेवडा. कामावरच्या जोडीदाराने विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? त्याला शाकाहाराचं तत्त्व समजावून सांगितलं. त्याच्या डब्यात खिमा होता. समजावताना घास मोजावे लागले, त्याचे.

९ जून, रविवार, सकाळी
अजून विनवणी नाही. सुरीला धार लावली. बराच वेळ, आवाज करत. धाकटी आतून म्हणाली, बाबा, झोपू दे.

दुपारी
वांग्याची भाजी. धाकटीने दोनदा घेतली. मनातलं दुःख दाबायला माणूस जास्त खातो, असं कुठेतरी वाचलंय.

१३ जून
थोरलीचा चेहरा उतरलेला. ओळखलं मी. विचारलं तर म्हणाली, पेपर अवघड गेला. पोर मानी आहे, माझ्यावर गेलीय.

१५ जून
रस्त्यात खाटीक भेटला. गावाला गेला होतात का, म्हणाला. त्याला सांगितलं, घरचे आता फार तग धरणार नाहीत. चांगलं मटण बाजूला ठेव.

२१ जून
सोयाच्या वड्या. दुधाची तहान ताकावर. तरी एकीचीही तक्रार नाही. आता लक्षात आलं, मला घाबरतात बिचाऱ्या. बंदी घातली मीच, उठवायला कोण येणार? मन मोठं करावं.

२३ जून, रविवार, सकाळी
मटण आणलं. महिन्यातून एकदा, म्हणजे बायकोच्या नियमातही बसतं. वास जिन्यापर्यंत गेलाय. मजा येणार.

दुपारी
पातेलं जवळजवळ भरलेलंच आहे.

बायकोने एक तुकडा घेतला, रिपोर्टचं निमित्त करून बाकीचे माझ्या ताटात सरकवले. थोरलीने नुसता रस्सा. मीठ कमी पडलं का, विचारलं. नाही. तिखट? नाही. शेवटी धाकटी म्हणाली, बाबा, आम्हाला मटण कधी आवडलंच नाही. तू करायचास म्हणून खायचो.

बायको तिला दटावेल असं वाटलं. ती मला भात वाढत राहिली. मग थोरली हळूच म्हणाली, तेवढाच एक दिवस तू घरात असल्यासारखा वाटायचास.

जेवलो. चव नेहमीसारखीच झाली होती. फार वाईट वाटलं.

२६ जून
डब्यात मटण. कालही मटण. जोडीदार खूश आहे.

२९ जून, शनिवार
बायको म्हणाली, अहो, रविवार सोडू नका. उद्या भेंडी करा. मी म्हटलं, भेंडी काय, डाव्या हाताचा मळ. संध्याकाळी जाऊन स्वतः निवडून आणली. बायकोने एक मोडून पाहिली. मोडेना. दुसरीही मोडेना. जरा वेळाने पोरी पिशवी घेऊन गुपचूप बाहेर गेल्या आणि दुसरी भेंडी घेऊन आल्या.

उद्याचं ठरलंय. धाकटी चिरणार, थोरली फोडणी देणार. मी ओट्याशी उभं राहायचं. नुसता उभा राहिलास तरी चालेल, असं दोघींनी सांगितलंय.