चिठ्ठीची मागची बाजू

प्रिय पुंडलिक,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक तक्रार नोंदवतो, आणि ती गंभीर आहे. गेली सहा वर्षं तू मला रोज पहाटे पाचच्या सुमारास मोबाइलवर एक गुलाब पाठवतोस. सिल्लोडला मक्याची आडत चालवणाऱ्या माणसानं संस्कृतच्या मास्तराला रोज गुलाब का पाठवावा, याला कोणत्याही शास्त्रात आधार सापडत नाही. तरी मी सहन केलं. पण मंगळवारी आलेला गुलाब बुधवारी पुन्हा आला. तोच, त्याच तीन दवबिंदूंसकट. याला पुनरुक्तिदोष म्हणतात, आणि आपल्या पाठशाळेतल्या गुरुजींनी यासाठी तुझा कान पिळला असता. शिवाय फुलाखाली तुझा स्वतःचा एक शब्द कधी नसतो. मीही हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा होतो. म्हणून आज कागद घेतला. घरात पोस्टाचं तिकीट शोधण्यात सकाळ गेली, त्याचं पापही तुझ्याच माथी.

इकडं सगळं ठीक. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत सण असतो. आमचं उशिरा उगवलेलं रत्न, म्हणजे मेघा, अकरा वर्षांची झाली. दोन वर्षांपासून ती जिम्नॅस्टिक्सला जाते. तुला हा प्रकार ठाऊक नसणार. लांबून पळत यायचं, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटायचे, पुढं छातीएवढं उंच टेबल असतं त्यावर हात टेकून पलीकडं उडायचं, आणि खाली उतरल्यावर काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं दोन्ही हात वर करायचे. याला व्हॉल्ट म्हणतात. नाहीतर बीमवर, म्हणजे अर्धी वीत रुंद अशा उंच लाकडी पट्टीवर चालायचं, तेही गिरक्या घेत. मी तिला संध्याकाळी घेऊन जातो आणि दोन तास पालकांच्या बाकावर बसतो. शेजारी फुलंब्रीचे एक गृहस्थ असतात. रोज मुलीला मोटारसायकलवर आणतात आणि माझ्या खांद्यावर झोपतात.

त्या बाकावर बसून मला दोन कोडी पडली. तू मला ओळखतोस, कोडं सुटल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. पहिलं असं, की धावायच्या आधी मेघा ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते. मला वाटलं, मी शिकवलेलं स्तोत्र असणार. बाप म्हणून एकदा आणि मास्तर म्हणून एकदा, अशी छाती दोनदा फुगली. मग शंका आली, स्तोत्र म्हणणाऱ्याचा चेहरा असा आंबट नसतो. पावलं मोजत असेल का? मी पावलं मोजून पाहिली, तिच्या ओठांशी जुळेनात. विचारलं तर म्हणाली, काय नाय बाबा. अलीकडं तर ती पुटपुटायची, जोरात निघायची आणि बोर्डाच्या दोन पावलं अलीकडं थांबायची. मागं फिरायची, पुन्हा निघायची, पुन्हा थांबायची.

दुसरं कोडं: तिचा नंबर आला की सोनिया नावाची एक मोठी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी गादीवर पालथ्या पडून कोपरांवर सरपटायच्या. इतक्या हळू, की मला त्यांच्या संयमाचं कौतुक वाटायचं. फुलंब्रीकरांना उठवून विचारलं, हा कोणता व्यायाम? ते म्हणाले, वॉर्मप असंल, पोरींचं लई निराळं असतं मास्तर. एकदा मी सोनियाला शाबासकीही दिली. ती माझ्याकडं बघून हसली. ते हसणं आता आठवतं.

दोन्ही कोडी सोमवारी सुटली. तिथल्या प्रशिक्षक रईसा मॅडम अंगानं काटकुळ्या, पण आवाज सबंध हॉलला पुरून रस्त्यावर उरेल असा. त्यांनी मुलींना खाली बसवलं आणि एकेक चिठ्ठी दिली. पुढच्या बाजूला लिहायचं, दुसरे मला काय म्हणतात. मागच्या बाजूला, मी मला काय म्हणते. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात जमा झाल्या आणि डबा माझ्या मांडीवर आला. मॅडम म्हणाल्या, सर, आपकू पेपरां जाँचने की आदत है, जरा देखो, पुढचं मागं किती जणींचं उतरलंय. मेरे से अकेले पढ़ा नहीं जाता.

बावीस चिठ्ठ्या. खरं सांगतो, जुनी हस्तलिखितं जुळवताना व्हावा तसा आनंद झाला मला. पुढं ‘जाडी’, मागं ‘मी जाडी’. पुढं ‘तुझ्याच्यानं होणार नाय’, मागं ‘माझ्याच्यानं होणार नाय’. एकीची पुढची बाजू कोरी होती आणि मागं ‘मी पडणार आणि सगळे हसणार’. म्हणजे बोलणारं माणूस हॉलमधलं नव्हे, घरातलं असावं, असा मी तर्क केला आणि त्या घराची मला कीव आली. अठराव्या चिठ्ठीवर दोन्हीकडं एकच वाक्य होतं. ‘आला कूर्मावतार, आता पृथ्वी हलणार.’

पुंडलिक, या शहरात असलं वाक्य बनवणारा माणूस एकच आहे. मेघा शाळेचे बूट घालायला वेळ लावते तेव्हा मी रोज दारात उभा राहून ते म्हणतो. आवाज लावून म्हणतो. हॉलमध्ये पहिल्याच महिन्यात ती रेंगाळत धावली तेव्हा बाकावरून म्हणालो होतो. पालक हसले, पोरी हसल्या, फुलंब्रीकर जागे होऊन हसले. मला फार बरं वाटलं होतं. ती पुटपुटायची ते हेच वाक्य, आणि पोरींचा सरपटण्याचा व्यायाम म्हणजे तेव्हापासूनची कासवाची नक्कल. आणि चिठ्ठी हातात धरून माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? ‘कू’ दीर्घ काढलाय, शाबास. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला.

डबा परत करताना मी मॅडमना विचारलं, वाचणार कोण हे मुलींना माहीत होतं का? हौ, पैलेच बोली मैं, सर पढ़ेंगे करके. म्हणजे तिला माहीत होतं. ‘काय नाय बाबा’ म्हणणाऱ्या पोरीनं मला उत्तर दिलं होतं, दोन्ही बाजूंना.

मंगळवारी मॅडम कुणालाही रागावल्या नाहीत, चिठ्ठ्यांचं नावही काढलं नाही. सहा-सात वर्षांच्या पिल्लांना बीमवर चढवलं, प्रत्येकीशेजारी एक मोठी मुलगी उभी केली आणि सांगितलं, तुझ्या चिठ्ठीच्या मागं जे आहे ते हिला म्हण, मोठ्यानं. सोनियाच्या वाट्याला यास्मिन नावाची एवढीशी पोर आली होती, दोन्ही हात पसरून लटलटत उभी. सोनिया आपल्या पायांच्या बोटांकडं बघत राहिली. तिच्या चिठ्ठीवर काय होतं मला ठाऊक नाही. पण वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. शेवटी यास्मिनच ओरडली, बोलो ना दीदी, मैं गिर जाऊँगी! मग सोनियानं तिचा हात धरला आणि म्हणाली, हळू. मी आहे. मॅडम म्हणाल्या, बस, हेच. आता स्वतःचा नंबर आला की स्वतःला हेच म्हणायचं. त्या दिवसापासून कुणी सरपटत नाही. मेघानंही एका पिल्लाचा हात धरून काहीतरी म्हटलं आणि ते पिल्लू तुरुतुरु पलीकडं गेलं. मग मेघाचा स्वतःचा नंबर आला. ओठ हलले, ती निघाली, आणि बोर्डाच्या दोन पावलं अलीकडं थांबली.

मी तिला काहीतरी म्हणायचं ठरवतोय. काय, तेच सुचत नाही. तोंड उघडलं की विनोद येतो. फार प्रयत्न केला तर ‘क्षमस्व’ येतं, ते ऐकून ती आईकडं बघते. म्हणून बुधवारी सकाळी दारात नुसता गप्प उभा राहिलो. मोठा त्याग केल्यासारखं वाटत होतं. ती नाडी बांधता बांधता थांबली आणि माझ्याकडं पाहू लागली. रोजचं वाक्य अजून आलं नव्हतं ना. मी बोललो नाही. पण तिचे ओठ हलताना मी पाहिले. वाक्य तिनं पुरं केलं.

आता हे सगळं तुलाच का लिहितोय. पाठशाळेत तू सगळ्यांसमोर उभा राहिलास की अर्ध्या श्लोकावर अडायचास. उरलेला अर्धा मी बसल्या जागेवरून म्हणायचो. ‘अर्धश्लोकी’ हे नाव मीच ठेवलं होतं तुझं; गुरुजीही मिशीत हसले होते. माझ्यासारख्या, सांडू असं गावंढळ नाव असलेल्या पोराला तिथं टिकायचं तर दुसऱ्याला आधी नाव ठेवलेलं बरं, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तू आलाच नाहीस. निरोप आला, शेतात हात कमी पडतात. ते मी सदतीस वर्षं खरं धरलं. काल मेघा म्हणाली, टाच दुखते, आता मी जाणार नाही. पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. आज डॉक्टरांनी टाच दाबून, वळवून पाहिली. टाचेला काही झालेलं नाही. पुंडलिक, तुमच्या शेतात तेव्हा खरंच हात कमी होते का? आणि नसतील, तर ते नाव तुझ्या डोक्यातून कधी गेलं? गेलं का? गुलाबाखाली तू एक शब्द लिहीत नाहीस, तो माझ्यामुळं का? उत्तर हे पत्र पोचल्यावरच्या गुलाबाखाली दिलंस तरी चालेल, दोन ओळी पुरेत, पण खरं लिही. मला भीती वाटते रे. मी यापुढं जन्मभर गप्प बसलो तरी ती थांबतच राहील, आणि तिच्या आत बोलणारा आवाज माझाच असेल.

तुझाच,
सांडू